इंग्रजीच्या तासाला गोष्टी कशाला, असं विचारणाऱ्यांना

आपल्या समाजाच्या शिक्षण संस्थांच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘पोरांना इंग्रजी आलं पाहिजे, किस्से-कहाण्या नकोत.’ हे म्हणणारा माणूस वाईट नसतो. बऱ्याचदा तो आखातात पंधरा-वीस वर्षं राबून आलेला असतो, संस्थेच्या इमारतीला त्याने पदरचे पैसे दिलेले असतात, आणि कधीतरी एखाद्या काउंटरवर इंग्रजी फॉर्म भरता न आल्यामुळे झालेला अपमान त्याच्या मनात अजून ठुसठुसत असतो. त्यामुळे त्याच्याशी भांडणं जिवावर येतं. पण भांडायला हवं, कारण त्याच्या चांगल्या हेतूपायी आपल्या मुलांचं नुकसान होतंय.

मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. शाळा मराठी माध्यमाची, तालुक्याच्या गावातली, आपल्याच लोकांनी चालवलेली. या वर्षी आमच्याकडचं इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट रिकामं करण्याचा निर्णय झाला. आठवड्यातले वाचनाचे दोन तास गेले. एक ‘स्पोकन’ला, एक शिष्यवृत्तीच्या सरावाला. कपाटात आता सामान्य ज्ञानाची पुस्तकं आहेत, थोरांची चरित्रं आहेत आणि ‘तीस दिवसांत इंग्रजी’ छापाचा एक गठ्ठा आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी बैठक तीच असते, चहाही तोच असतो.

त्या बैठकीत मुद्दे तीन आले. गोष्ट म्हणजे शेवटी खोटंच, त्यात मुलांचा वेळ का घालवायचा? गोष्टींनी नोकरी लागत नाही, मुलांना माहिती हवी. आणि अमेरिकेतसुद्धा आता शाळांतून गोष्टी कमी केल्यात, मग आपणच का मागे? तिन्ही मुद्द्यांना उत्तर देते. सुरुवात मधल्यापासून करते, कारण तो सगळ्यांत खोल रुतलेला आहे आणि अर्धा खराही आहे.

माहिती हवी, हे शंभर टक्के मान्य. पण माहिती देणारा मजकूर कसा वाचायचा, हे आपण शिकवतो का? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहावीत येणारं मूल पाच वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. त्याला उतारा द्या, ते घडाघडा वाचेल. खालचे प्रश्न द्या, प्रश्नातला एक शब्द उताऱ्यात शोधून त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवून देईल. उत्तर बरोबर, दोन गुण. मग विचारा, ‘यात काय म्हटलंय रे?’ वर्ग चिडीचूप.

आपल्या मुलांना ही वाचनाची पद्धत ओळखीची आहे. सकाळी मकतबात ती नाजिरा शिकतात. अक्षर ओळखायचं, उच्चार नेमका करायचा, अर्थ पुढे कधीतरी. नाजिराची जागा वेगळी आहे, तिच्यावर मी इथे बोलत नाही. पण आपण इंग्रजीही नाजिराच शिकवतो, आणि त्याचा तर सवाबही मिळत नाही. गाईडवाल्यांनी हे काम आणखी सोपं करून ठेवलंय. ज्वालामुखीवरचा धडा असो की कुणाची कथा असो, खाली तेच पाच प्रश्न, त्याच रिकाम्या जागा, त्याच जोड्या लावा. दोन्ही प्रकारचा मजकूर वेगळ्या रीतीने वाचायचा असतो, ही गोष्ट मुलाच्या कानावरही पडत नाही.

आठवीच्या व्याकरणात पॅसिव्ह व्हॉइस असतो. एरवी तो चाळीस वाक्यं उलटीपालटी करून संपतो. मी तो वर्तमानपत्रावर घेते. फळ्यावर एक वाक्य लिहिते, ‘स्टोन्स वेअर पेल्टेड.’ दगड फेकले गेले. कुणी फेकले? वाक्यात कर्ता नाही. का नाही? एक, बातमीदाराला माहीत नसेल. दोन, माहीत असून त्याला लिहायचं नसेल. तीन, आपण लिहिलं नाही तरी वाचणारा मनातल्या मनात एक नाव भरून घेणारच, अशी त्याला खात्री असेल. हे तिसरं कारण मुलांना समजावून सांगावं लागत नाही. आपल्या मोहल्ल्यात वाढलेल्या तेरा वर्षांच्या पोराला ते आधीच ठाऊक असतं. त्याला व्याकरणात नाव आहे, एवढंच ठाऊक नसतं.

मग पेन्सिली बाहेर निघतात. बातमीत कोण बोललं, त्याच्याखाली रेघ. त्याच्या बोलण्याला कुठलं क्रियापद लावलंय, त्याच्याभोवती गोल. पोलिसांनी काही सांगितलं की ‘सेड’ येतं. पकडलेल्या पोराच्या आईने काही सांगितलं की ‘क्लेम्ड’ येतं. दोघंही बोललेच, मग शब्द दोन का? ‘सोर्सेस’ म्हणजे कोण, त्यांना नाव का नसतं? मराठी बातमीत ‘असे समजते’ असतं, तिथे नेमकं कुणाला समजलेलं असतं? एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवली की एकात जी संख्या मथळ्यात असते ती दुसऱ्यात शेवटच्या परिच्छेदात सापडते. इंग्रजीचा तास असा चालला की मुलं शब्दकोश मागतात, कारण आता प्रत्येक शब्दावर काहीतरी अवलंबून असतं. ‘अलेज्ड’चा अर्थ मी कुणालाही पाठ करायला लावलेला नाही. तो त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मुलांना आपल्याविरुद्धच्या बातम्या तपासायला शिकवता. अजिबात नाही. आपल्या घरचा माल आधी. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि खाली येऊन इस्लाम कबूल केला, हे तुम्ही लहानपणी ऐकलंय की नाही? मी तर एका शिकलेल्या माणसाच्या तोंडून, भर सभेत, ऐकलंय. आर्मस्ट्राँगने स्वतः याचा इन्कार केला होता. १९८३ मध्ये तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना कळवलं होतं की ही गोष्ट खरी नाही, लोकांना तसं नम्रपणे सांगा. चार दशकं उलटली, तरी गोष्ट फिरतेच आहे. सातवीच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा नाराज झाला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘मॅडम, अब्बा म्हणतात तुम्हाला काय माहीत.’ मी म्हटलं, अब्बांना विचार की त्यांना कुणी सांगितलं, आणि त्या सांगणाऱ्याला कुणी सांगितलं.

हा प्रश्न मी इंग्रजी पुस्तकातून आणलेला नाही. हदीसच्या अभ्यासकांनी याच प्रश्नावर एक अख्खं शास्त्र उभं केलं. रिवायत कुणी कुणाकडून ऐकली, त्या साखळीला इस्नाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो खरंच भेटला होता का, याची छाननी करणारी चरित्रांची दालनंच्या दालनं आहेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांचे आपण वारस, आणि ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असं वर लिहिलेलं असतानाही अंगठा दाबून मोकळे होतो.

हे चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या महिन्यांत देशभर अशाच अफवांनी माणसं मारली गेली. तेव्हा फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी ती मुद्दाम, नट घेऊन, बनवलेली होती. मोटारसायकलवरचे दोघं मुलाला उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि मूल पळवणं किती सोपं आहे असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. उरलेला तुकडा ‘खरी घटना’ म्हणून भारतभर फिरला.

इथे जरा थांबा, कारण ‘फक्त माहिती शिकवा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथेच कोसळतो. ती चित्रफीत म्हणजे एक रचलेली गोष्ट होती, आणि लोकांनी ती बातमी म्हणून पाहिली. रचलेली गोष्ट ओळखायची असेल तर रचना कशी करतात ते माहीत असावं लागतं. गोष्ट कुठे सुरू करायची, कुठे तोडायची, कुणाच्या नजरेतून दाखवायची, काय गाळायचं. हे शिकायची जागा कथा हीच आहे. ज्या मुलाने कधी कथेची शिवण उसवून पाहिली नाही, त्याला बातमीची शिवण दिसत नाही.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घ्या. १९३३ ची कथा, इंग्रजी भाषांतरात आमच्याकडे सगळ्यांची आवडती. खिशात तीन पैसे असलेला हमीद खेळणी सोडून दादी अमीनासाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी उचलताना तिची बोटं भाजतात. गाईडमधलं उत्तर ठरलेलं, हमीदचं दादीवर प्रेम होतं. प्रेम आहेच. पण मेळ्यातून परतताना पोरांत जी जुगलबंदी होते ती नीट वाचा. इतरांकडे मातीची सुंदर खेळणी आहेत, हमीदकडे लोखंडाचा चिमटा. आणि हमीद बोलून बोलून त्या चिमट्याला रुस्तम-ए-हिंद करून टाकतो. मी मुलांना विचारलं, चिमट्याने यातलं काय केलं? काहीच नाही. मग हमीद जिंकला कशावर? एक मुलगा म्हणाला, ‘बोलण्यावर, मॅडम. चायनाचा मोबाइल विकणारा बोलतो तसा.’ ज्या दिवशी मूल आपल्या लाडक्या हमीदच्या बोलण्यातली चलाखी पाहू शकतं, आणि तरीही हमीदवर प्रेम करत राहतं, त्या दिवशी ते वाचायला लागलं असं मी समजते. पुढे एखाद्या वक्त्याचं भाषण ऐकताना हेच उपयोगी पडणार आहे, मग तो वक्ता त्यांचा असो की आपला.

आता बेगम रोकेयांकडे येते, कारण माझ्या मते गोष्ट आणि हकीकत शेजारी-शेजारी शिकवायला याहून चांगली जोडी मिळणार नाही. आणि मुस्लिम संस्थेच्या शाळेत या बाईंचं नाव मुलींना माहीत नसावं, याची मला चीड येते. रोकेया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा थेट इंग्रजीत लिहिली. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापली गेली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, घरात भावाकडून इंग्रजी शिकलेल्या बंगाली मुस्लिम बाईने. सुलताना झोपते आणि अशा देशात पोचते जिथे बायका राज्य चालवतात आणि पुरुष मर्दान्यात बंद आहेत. तिथल्या बायका सूर्याची उष्णता साठवून वापरतात, आकाशातून फिरतात, ढगांतून पाणी काढून घेतात. सौर ऊर्जा! १९०५!

कथेचं इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, आठवीला जड जातं. दोन-दोन पानं घेऊन, कठीण शब्द फळ्यावर लिहून देऊन वाचली. पुरुषांना कोंडून ठेवल्याचा भाग आल्यावर एक मुलगा उठून म्हणाला, ‘हे चूक आहे मॅडम. असं कुणाला घरात कोंडून ठेवतात का?’ मुलींच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘मग?’ एवढंच. कुणी हसलं नाही. त्या ‘मग?’वर मी एक शब्दही बोलले नाही, बोलायची गरज नव्हती. स्त्री-पुरुष समानतेवर आमच्या शाळेत दरवर्षी भाषण होतं. त्या मुलाने ती तिन्ही वर्षं ऐकलेली आहेत.

मग दुसऱ्या आठवड्यात याच रोकेयांच्या ‘अवरोधवासिनी’तला एक प्रसंग आणला. हे पुस्तक १९३१ चं, बंगालीतलं. पडद्यात कोंडलेल्या बायकांच्या ४७ हकीकती आहेत, इंग्रजीत निवडक भाग उपलब्ध आहे. रेल्वे स्टेशनवर बुरख्यात अडखळून एक बाई रुळावर पडते. परपुरुषाचा हात लागू नये म्हणून तिला उचलायला कुणाला जवळ येऊ दिलं जात नाही, आणि शेवटी गाडी तिच्या अंगावरून जाते. कथेच्या वेळी एका मुलीने विचारलं होतं, ‘मॅडम, हे खरं झालं होतं का?’ तोच प्रश्न तिने पुन्हा विचारला. या वेळी वर्गानेच तिला उलटतपासणीला घेतलं. कोण सांगतंय? तिने पाहिलं की ऐकलं? स्टेशनचं नाव दिलंय का? एकच लेखिका, एकच विषय, आणि दोन वाचनांत मुलांनी प्रश्न मात्र पूर्ण वेगळे विचारले. हकीकतीला त्यांनी विचारलं, कशावरून? कथेला विचारलं, असं झालं तर? दोन्ही प्रश्न विचारता येणारी मुलगी मला आठवीतून बाहेर पाठवायची आहे. रोकेयांनी १९११ मध्ये कोलकात्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली. आधी स्वप्न लिहिलं, मग शाळा काढली, हा क्रम आमच्या विश्वस्तांनी जरा पाहावा.

‘गोष्ट म्हणजे खोटं’ हा मुद्दा आता संपवते. फार वेळ देण्याची त्याची लायकी नाही. शेख सादींची ‘गुलिस्तान’ या देशातल्या मकतब-मदरशांत पिढ्यान्पिढ्या शिकवली गेली, ती हिकायतींनीच भरलेली आहे. आपल्या ‘पंचतंत्रा’तले प्राणी आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या हातून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ होऊन गेले, तेव्हा कोल्हे बोलत नाहीत म्हणून कुणी पुस्तक बंद केलं नाही. आणि डेप्युटी नझीर अहमद? मुलींना वाचायला देण्यासारखं धड पुस्तक नाही म्हणून या गृहस्थाने आपल्या लेकीसाठी ‘मिरातुल उरूस’ लिहिली. १८६९ मध्ये ती छापली गेली, सरकारने हजार रुपयांचं इनाम दिलं, आणि उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आज तिचं नाव घेतात. तिच्यातला उपदेश आज मला झेपत नाही, थोरल्या बहिणीवर फार अन्याय केलाय त्यांनी. पण इंडियन पिनल कोडच्या उर्दू भाषांतरात ज्याचा हात होता, त्या माणसाला लेकीच्या हातात कादंबरी द्यावीशी वाटली, हे विसरू नका. कायदा आणि कहाणी दोन्ही एकाच लेखणीने लिहिता येतात.

राहिली अमेरिका. बैठकीत हा मुद्दा ज्यांनी मांडला त्यांनी कुठेतरी एक आकडा वाचला होता, आणि आकडा खोटा नव्हता. २०१० मध्ये तिथे ‘कॉमन कोअर’ नावाची शैक्षणिक मानकं आली, बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. त्यात म्हटलं होतं की चौथीच्या मुलाचं वाचन निम्मं साहित्य आणि निम्मं माहितीपर असावं, आठवीत माहितीपर ५५ टक्के व्हावं, बारावीत ७० टक्के. पण तो हिशेब शाळेच्या सगळ्या दिवसाचा होता. विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र सगळं धरून. इंग्रजीच्या तासातून कथा-कविता हद्दपार करा, असं तिथे कुणी लिहिलं नव्हतं. तिथल्याही अनेक शाळांनी तो आकडा फक्त इंग्रजीच्या तासाचा समजला आणि मोठा गदारोळ झाला. म्हणजे माहितीपर वाचनाचा आग्रह धरणारा मजकूरच लोकांनी धड वाचला नाही. आमच्या बैठकीतही तेच झालं.

अमेरिकेतलं आणायचंच असेल तर दुसरं काही आणा. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधक बाईंनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. मी हे रोज पाहते. एरवी अडखळणारा पोरगा क्रिकेटचा उतारा सरसर समजून घेतो. बाप यंत्रमागावर राबणारा मुलगा ‘वार्प’ आणि ‘वेफ्ट’ हे शब्द ताणा-बाणा म्हणून लगेच पकडतो, तिथे वर्गातली पहिली आलेली मुलगी गोंधळते. म्हणून माहितीपर पुस्तकं भरपूर हवीत, हे मी पुन्हा सांगते. पाऊस, रक्त, कर्ज, मतदान, पिकं, यंत्रं, सगळं इंग्रजीतून वाचून घ्या. जगाबद्दल काही माहीतच नसेल तर कथाही कळत नाही. फक्त ‘जगातील सर्वांत उंच इमारत कोणती’ याला माहितीपर वाचन म्हणू नका. ते कोडं आहे.

थोडं आपल्या पुरोगामी मंडळींविषयीही बोलायला हवं, कारण कपाट वाचवायला तेही आले होते आणि त्यांनी माझी पंचाईत करून ठेवली. त्यांना कथा हव्यात, पण ‘संस्कारासाठी’. म्हणजे अशी कथा, जिच्यात एक मुस्लिम पात्र असेल, ते भलं असेल, देशभक्त असेल, शेजाऱ्याचा जीव वाचवेल आणि शेवटी दोन धर्मांची माणसं एकत्र जेवतील. मुलं असली कथा दुसऱ्या परिच्छेदात ओळखतात. एक मुलगी मला म्हणाली, ‘यातला चाचा चांगला निघणार ना?’ चाचाला वाईट असण्याची, चिडचिडा असण्याची, नुसता विनोदी असण्याचीही मुभा नाही, तर मग त्याला माणूस का म्हणायचं? हमीद दलवाईंच्या लेखांवर आपण पन्नास वर्षं भांडतो आहोत, भांडायलाही हवं. पण त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी, आपल्याच कोकणातल्या मुस्लिम माणसांच्या राग-लोभाची, या भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलीय? लेखातलं मत पटो न पटो, कादंबरीतली माणसं आपल्या ओळखीची आहेत. मतं दोन ओळींत फॉरवर्ड होतात. माणसं समजायला शंभर-दोनशे पानं लागतात, आणि तेवढी पानं बसून वाचायची सवय बारा-तेराव्या वर्षीच लागते.

सहावी ते आठवीवर मी एवढी अडून बसले आहे त्याचं कारण साधं आहे. शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीला आमच्या हजेरीपटावरची काही नावं गळतात. मुलगा गॅरेजला, बेकरीत, मामाच्या दुकानात जातो. मुलीचं सांगायला नको. त्यांना पुढे कुणी इंग्रजी वाचायला शिकवणार नाही. पण औषधाच्या चिठ्ठीपासून कर्जाच्या करारापर्यंत आणि निवडणुकीतल्या पत्रकापासून लग्नाच्या बाजारापर्यंत सगळे लोक त्यांना काही ना काही वाचायला देणार आहेत, आणि बहुतेकांना त्यांनी ते नाजिरा वाचावं असंच वाटणार आहे.

आता तुमच्याकडे येते. हे वाचणारे तुम्ही बहुतेक वीस-पंचविशीतले, अशाच कुठल्या तरी शाळेतून गेलेले. संस्थेची वार्षिक सभा कधी असते, तुम्हाला माहीत आहे? सभासद होण्याची वर्गणी किती? आमच्या सभेला या वर्षी चाळिशीच्या आतला एकही माणूस नव्हता, त्यामुळे कपाटाचा ठराव चहा येण्याच्या आत मंजूर झाला. पुढच्या वेळी जा आणि साधे प्रश्न विचारा. वेळापत्रकात वाचनाचा तास कुठे आहे? त्या तासाला कुठलं पुस्तक वाचलं, नाव सांगा. वर्तमानपत्र वर्गात येतं का? सभेत जायचं नसेल तर शनिवारी शाळेत या, शिक्षकांना विचारून एक तास मागा, आणि येताना एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रं आणि एक कथा आणा. आमची पुस्तकं अजून रद्दीत गेलेली नाहीत. जिन्याखालच्या दोन ट्रंकांत आहेत, किल्ली शिपाईमामांकडे असते.